निसर्गाशी नाते मोजणाऱ्यांना काही प्रश्न



आजचा विषय ‘माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावरचे संशोधन’ असा आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. आज आम्ही निसर्गाबद्दल कमी आणि संशोधनाबद्दल जास्त बोलणार आहोत. हे नाते शोधायला निघालेले लोक प्रश्न कसा विचारतात, कोणाला विचारतात आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावतात, एवढेच तपासायचे आहे. आमचा विषय तत्त्वज्ञान. आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना दुर्बीण. शब्द उचलून उलटा करून बघायचा, एवढेच आमचे काम. आज उलटा करून बघायचा शब्द आहे ‘नाते’.

आपल्याकडे नाते म्हटलं की त्यात नुसता जिव्हाळा येत नाही. आहेर येतो, मानपान येतो, रुसवा येतो, वाटणी येते. भावाभावांत प्रेम असतं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे कोर्टातही जातात. म्हणून ते भाऊ नाहीत असं कोणी म्हणत नाही. नात्यात देणे असते, घेणे असते आणि कोणाचं किती याचा हिशेब असतो. आता बघा, ‘निसर्गाशी नाते’ असं म्हणताना मात्र हा सगळा हिशेब गळून पडतो आणि उरते ती एक हळवी भावना. आमची तक्रार इथून सुरू होते.

आधी दुसरी बाजू नीट मांडू, कारण तिच्यात दम आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यांनी कागदपत्रांवरून अभ्यासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामके कमी लागली. रुग्ण थोडे आहेत, पण प्रश्न स्वच्छ आहे आणि तुलना चोख आहे. त्याच वर्षी एडवर्ड विल्सन यांचे ‘बायोफिलिया’ हे पुस्तक आले. सजीव सृष्टीची ओढ माणसात उपजतच असते, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे मानसशास्त्रज्ञांनी ही ओढ मोजायला घेतली. वेस्ली शुल्ट्झ यांनी वर्तुळांच्या जोड्या काढल्या. एका वर्तुळात ‘मी’, दुसऱ्यात ‘निसर्ग’. पहिल्या जोडीत वर्तुळे एकमेकांपासून लांब, मग हळूहळू एकमेकांत शिरत जाणारी, शेवटच्या जोडीत जवळजवळ एकच. तुम्ही आपली जोडी निवडायची. २००४ साली मेयर आणि फ्रान्ट्झ यांनी १४ विधानांची प्रश्नावली केली. आज जगभर अशा मोजपट्ट्या वापरतात.

या वर्तुळांकडे जरा वेळ बघा. ‘मी’ आहे, ‘निसर्ग’ आहे. तिसरे वर्तुळ नाही. त्या रानाचा मालक कोण, गायरानाला कुंपण कोणी घातलं, विहिरीला मोटर कोणाची बसली, यातलं काहीच त्या कागदावर उमटू शकत नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो आणि त्याच्याच बांधावर मजुरीने खुरपायला येणारी बाई, दोघांनी समजा सारखीच जोडी निवडली. मोजपट्टी म्हणेल, दोघांचे निसर्गाशी नाते सारखे. हे उत्तर चुकलं असं नाही म्हणत आम्ही. पण त्या प्रश्नात शिरायला या उत्तराला जागाच ठेवलेली नाही.

दुसरं उदाहरण घ्या. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीवरून मॅथ्यू व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष काढला. आठवड्याला निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगले असल्याचे जास्त प्रमाणात सांगतात. दोन तासांचा हा आकडा खूप गाजला. पण मोजली होती ती फुरसतीची मिनिटे, हिंडाफिरायला गेलेल्यांची. इंग्लंडच्या शहरी समाजाबद्दल बोलायचं तर ते ठीकच आहे. आता तोच आकडा उचलून इकडे आणा. ऊसतोडीला आलेलं जोडपं पहाटे अंधारात फडात शिरतं आणि उन्हं उतरेपर्यंत तिथेच असतं. त्यांची मिनिटे कुठल्या रकान्यात लिहायची? निसर्गात घालवलेला वेळ म्हणून लिहिली तर ती माणसं ठणठणीत असायला हवीत. नाही लिहिली, तर निसर्ग म्हणजे जिथे काम करावं लागत नाही ती जागा, अशी व्याख्या आपण गुपचूप मान्य केली. मोठमोठ्या अभ्यासांत अशा व्याख्या तळघरात बसलेल्या असतात. समीक्षकाचं काम त्यांना वर आणून उजेडात बसवण्याचं.

आता तत्त्वज्ञांकडे वळू, कारण घरच्यांना सोडून चालायचं नाही. १९७३ साली नॉर्वेचे आर्ने नेस यांनी ‘उथळ’ आणि ‘सखोल’ अशी पर्यावरणविचाराची विभागणी केली. माणूस निसर्गापुढे उभा नाही, तो त्याच्याच विणीतली एक गाठ आहे, असे सांगणारा तो सखोल विचार. आपल्या दर्शनांच्या भाषेत मांडायचं तर असं. न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे दोन ठळक प्रकार सांगितले. संयोग म्हणजे टेबलावर पुस्तक ठेवावे तसा, उचलले की सुटणारा. समवाय म्हणजे धागे आणि वस्त्र यांच्यातला, न सुटणारा. वर्तुळांची परीक्षा संयोग धरून चालते, म्हणजे दोन सुट्या वस्तू आहेत आणि त्या किती जवळ आल्या ते मोजायचे. नेस म्हणतात, समवाय धरा.

ऐकायला हे फार मोहक आहे. पण १९८९ साली रामचंद्र गुहा यांनी यावर एक खडा सवाल टाकला. माणूस केंद्रस्थानी की निसर्ग, या वादात पडून दोन गोष्टी झाकल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. एक, श्रीमंत देशांचा आणि श्रीमंत माणसांचा अतिवापर, दुसरी, युद्धसज्जता. आणि माणूस नसलेले रान राखायचे हा आदर्श भारतासारख्या देशात आणला, की राखीव जंगलातून कोणाला बाहेर काढले जाते ते बघा, असेही त्यांनी बजावले. आम्हाला गुहांचे म्हणणे तर्काच्या अंगानेही पटते. समवाय म्हटलं की सगळेच धागे वस्त्रात सारखे विणलेले. मग ताण कुठल्या धाग्यावर पडतो आणि कुठला धागा तुटतो, हे विचारायची सोय राहत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांचा एक विचार इथे उपयोगी पडतो. ‘देणे’ ही क्रिया घ्या. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, अशा तिघांशिवाय ती पुरी होत नाही. तिचे दोन-दोनांच्या जोड्यांत तुकडे केले तर ‘देणे’ हरवते. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे: माणसाचे निसर्गाशी नाते असे त्रिपदी असते. मी, ते रान, आणि त्या रानावर माझ्यासारखाच किंवा माझ्याहून जास्त हक्क सांगणारा दुसरा माणूस. यातले तिसरे पद गाळून केलेला अभ्यास कितीही काटेकोर असला, तरी अपुराच राहतो.

ही कसोटी आपल्याकडच्या संशोधनाला लावून बघू. परक्यांना झोडपायचं आणि आपल्यांना हार घालायचा, हे बरं नव्हे.

१९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या रानात मूळ जंगलाचे अवशेष टिकून आहेत, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत जगापुढे ठेवले. अडाणी समजूत म्हणून जिच्याकडे पाहिलं जायचं, ती जैवविविधता राखणारी व्यवस्था निघाली. हे काम मोठेच आहे. पण त्यानंतर जी लेखनाची लाट आली तिने ‘आपले पूर्वज निसर्गप्रेमी होते’ असा सोपा धडा काढला. देवराई भीतीने राखली जाते, मानाने राखली जाते. तिच्यात कोणी पाऊल टाकायचं आणि कोणी नाही, याचे नियम असतात. विटाळाचे नियम असतात. म्हणजे रान राखणारी जी रूढी, तीच माणसांनाही बाहेर ठेवते. झाडांच्या जाती मोजताना हे दिसत नाही. दिसायचं तर बाहेर थांबलेल्या माणसाला विचारायला हवं.

याहून अवघड उदाहरण आता घेतो. गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली जातिव्यवस्थेचे पर्यावरणीय स्पष्टीकरण देणारा एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचे त्यांचे निरीक्षण बारकाईचे आहे. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने घोरपड, साळिंदर असली शिकार करतात. वैदू मुंगसासारखे छोटे मांसभक्षी प्राणी पकडतात. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पाखरं धरतात. एकाच मुलखात राहून एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. धनगरांच्या पोटजातींचीही अशीच विभागणी त्यांनी दाखवली. प्रत्येक जातीने निसर्गातला आपापला कोपरा वाटून घेतला, त्यामुळे स्पर्धा कमी झाली आणि साधने जपून वापरली गेली, असा त्यांचा युक्तिवाद.

निरीक्षण खरे आहे. प्रश्न ‘वाटून घेतला’ या क्रियापदाचा आहे. कोणी वाटला? पारध्याला जमिनीचा तुकडा नको होता म्हणून त्याने फासा उचलला काय? ज्याला गावात घर नाही, शेत नाही, त्याच्या वाट्याला उरलेलं माळरान आणि त्यावरचं सावज आलं. याला कोपरा म्हणायचं की वळचण, हे जीवशास्त्र ठरवू शकत नाही. पुढे काय झालं तेही बघा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का काही पुसला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळविटाची शिकार गुन्हा ठरली. काळवीट वाचायलाच हवे होते, त्याबद्दल वाद नाही. पण या कायद्याने एका जमातीचे पोट ज्या नात्यावर चालत होते ते नाते तोडले, आणि बदल्यात काय दिले, हा हिशेब त्या नात्याच्या अभ्यासातच यायला हवा होता.

या बाबतीत आम्हाला गुंथर सोंथायमर यांचे काम जास्त जवळचे वाटते. हायडेलबर्गचा हा जर्मन पंडित धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकत असे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचे त्यांचे पुस्तक जर्मनमध्ये १९७६ला आणि इंग्रजीत १९८९ला आले. वन आणि क्षेत्र, म्हणजे मेंढपाळाचे रान आणि शेतकऱ्याची कसलेली जमीन, या दोहोंमधली ओढाताण त्यांनी देवांच्या कथांतून वाचली. आपल्याच जिल्ह्यात आरेवाडीला बिरोबाचे बन आहे. तिथला देव हिरवळीचा देव म्हणून भेटत नाही. मेंढरं, वाटा, पाणी, भांडणतंटा, लग्नसंबंध या सगळ्यात गुंतलेला असतो. धनगर शेतात मेंढरं बसवतो, रानाला खत मिळतं, शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो. जमीन, जनावर आणि दोन माणसं, असा हा व्यवहार. सोंथायमरांच्या अभ्यासात तिसरे पद शाबूत आहे. त्यांच्या कामाची मर्यादा वेगळी. कालवा आला, ऊस आला, पडीक रान राहिलं नाही, की मेंढरं कुठे बसवायची, हा आजचा प्रश्न त्या कथांच्या पलीकडचा आहे.

आता अगदी घरात येऊ. लांबून ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी सांगतो: कडेगाव हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा, पूर्वी खानापूर तालुक्यातच होता. इथून जवळ, देवराष्ट्र्याच्या अंगाला सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, अभयारण्याचा दर्जा १९८५ पासून. मानवनिर्मित अभयारण्य अशी त्याची ओळख. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं उभी राहिली. मग हरणं आणून सोडली. सांबर, चितळ, काळवीट वाढले.

निसर्गाशी नात्याचा यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडायचा नाही, कारण इथे ‘मूळ’ निसर्ग नावाची पळवाटच नाही. माणसाने लावलेलं रान, आणलेलं जनावर, घातलेलं कुंपण. आणि कुंपणाबाहेर शेतं. हरणं बाहेर येतात, उभं पीक खातात, ही भोवतालच्या गावांची तक्रार जुनी आहे. ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून या भागात आणलं. जिथे कुसळं होती तिथे हिरवी पिकं आली. हरणाच्या बाजूने विचार करा: उन्हाळ्यात डोंगर वाळलेला आणि खाली हिरवंगार ताट वाढलेलं. ते येणारच.

इथे तुम्ही वर्तुळांचा कागद घेऊन गेलात तर काय होईल? शनिवार-रविवारी हरणं बघायला आलेला पाहुणा एकमेकांत मिसळलेली वर्तुळं निवडेल. रात्री शेकोटी करून राखणीला बसलेला शेतकरी कदाचित लांबची निवडेल. अहवालात येईल की स्थानिक शेतकऱ्यांत निसर्गप्रेम कमी आढळले, सबब जनजागृतीची शिबिरे घ्यावीत. आमचा विरोध आहे तो या ‘सबब’ला. ज्या माणसाने स्वतःच्या पिकातून हरणाला पोसलं, त्यालाच प्रेमाचा धडा. पाहुण्याच्या प्रेमाचा खर्च कोण भरतं, हे त्या अहवालात कुठेच येत नाही. पंचनामा होतो, भरपाईची सोय कायद्यात आहे, पण ती वेगळ्या खात्याची फाइल. नात्याच्या संशोधनात ती फाइल उघडली जात नाही. सागरेश्वरवर अभ्यास करायचा तर आणखी एक प्रश्न विचारावा लागेल: झाडं लागण्याआधी त्या डोंगरावर कोणाची शेरडं-मेंढरं चरत होती, आणि ती नंतर कुठे गेली? हे विचारल्याने मोहित्यांच्या कामाला उणेपणा येत नाही. उलट ते काम किती जणांच्या खांद्यावर उभं आहे ते कळतं.

मग असं संशोधन कुठे झालंच नाही काय? झालं आहे, आणि फार लांब नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यात दुष्काळाशी झगडत होते. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेच्या पात्रातून ठेकेदार वाळू उपसत होते, भोवतालच्या विहिरींचं पाणी खाली जात होतं. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी प्रश्न केला: नदीतली वाळू कोणाची? मागणी अशी, की ठेकेदारी बंद करा आणि मर्यादेत वाळू विकून त्या पैशातून आम्हाला बंधारा बांधू द्या. बळीराजा स्मृती धरण त्यातून उभं राहिलं. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांची साथ मिळाली. आणि पाण्यावर हक्क ठरला प्रत्येक कुटुंबाचा, ज्याला जमीन नाही त्याचासुद्धा.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. भूमिहीनाला पाण्याचा वाटा! जमीन असेल त्यालाच पाणी, हे आपण निसर्गनियमासारखं मानत आलो होतो. तो माणसांनी केलेला नियम आहे, बदलता येतो, हे त्या लोकांनी दाखवून दिलं. शिवाय पाणी सगळ्यांत वाटायचं ठरवलं की उसाला आवर घालावा लागतो, म्हणजे नदीवरचा ताणही आपोआप चर्चेत येतो. नदीवर प्रेम करा असं कोणी सांगावं लागलं नाही. भारत पाटणकर आणि कासेगावला राहिलेल्या गेल ऑम्वेट यांनी या लढ्याबद्दल लिहिलं आहे. पण नात्याच्या अभ्यासकांच्या याद्यांत हे लेखन क्वचित दिसतं. ते ‘चळवळ’ या फडताळात ठेवलेलं असतं. आमच्या मते त्या काळातलं निसर्ग-माणूस नात्यावरचं सर्वात खणखणीत संशोधन येरळेच्या पात्रात झालं, कारण तिथे प्रश्न ज्यांचा होता त्यांनीच तो विचारला.

एक आक्षेप येईल, यायलाच हवा. कोणी म्हणेल, तुम्ही निसर्ग बाजूला सारून सगळं माणसामाणसांच्या वाटणीवर आणलंत. हरणाला, नदीला, झाडाला स्वतःचं काही मोल नाही काय? आहे. त्रिपदी नाते म्हटलं, त्यातलं एक पद ते आहेच. ते गाळा असं आम्ही म्हणत नाही. एवढंच सांगतो, की हरणाचा हक्क मान्य करायचा तर त्याचा बोजा सगळ्यांनी उचलायला हवा. एका कुंपणालगतच्या दहा-वीस शेतकऱ्यांवर तो टाकून आपण निसर्गप्रेमी म्हणवून घेणं हा हरणाच्या नावावर केलेला अन्याय आहे, आणि त्याचा सूड शेवटी हरणावरच उगवतो.

तर, या पट्ट्यातली जी मुलंमुली प्रबंध किंवा प्रकल्प करणार आहेत, त्यांनी अशा अभ्यासाला हात घालताना तीन गोष्टी विचाराव्यात. उत्तर देणारा माणूस तिथे फुरसतीने आला आहे की पोटासाठी? या नात्यात नुकसान कोणाचं होतं आणि ते कुठल्या वहीत लिहिलं जातं? आणि प्रश्न कोणी तयार केला? वर्तुळांचा कागद वापरायचाच असेल तर जरूर वापरा, आमची हरकत नाही. फक्त त्यावर तिसरं वर्तुळ काढायला जागा ठेवा, आणि त्यात कोणाचं नाव लिहायचं हे समोरच्या माणसाला ठरवू द्या.

टेंभूचं पाणी आता या शिवारात आलं आहे, पुढच्या काही वर्षांत इथलं रान पूर्ण पालटेल. कोण काय पेरतो, कोणाची मेंढरं कुठून वळतात, पाण्याची पट्टी कोण भरतो आणि कोणाला पाणी पोचत नाही, हे टिपून ठेवायची वेळ हीच आहे. हे काम बाहेरून कोणी येऊन करेल याची वाट बघू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.